बागेतील ज्युनिपर : एका अवघड ओळखीचा इतिहास

ज्युनिपर ही कुप्रेसेसी या सूचिपर्णी वृक्षकुलातील एक प्रजाती असून वर्गीकरणकारांच्या मतांनुसार तिच्यात सुमारे ५० ते ७० जाती मोजल्या जातात. या जाती जवळजवळ सर्व उत्तर गोलार्धात पसरलेल्या आहेत. पूर्व आफ्रिकेतील ज्युनिपेरस प्रोसेरा ही एकच जाती विषुववृत्त ओलांडून दक्षिणेकडे उतरते. रानात या झाडांची ओळख पटविण्यास प्रदेश, उंची, झाडाचा आकार आणि फळ यांचा आधार मिळतो. बागेत मात्र यांपैकी बहुतेक आधार नाहीसे होतात, कारण तेथे चीनची जाती जर्मनीत वाढवून अमेरिकेत विकलेली असते, वृक्ष होणाऱ्या जातीचे भुईसरपट रूप निवडलेले असते आणि झुडूप कात्रीने इतके छाटलेले असते की त्याला फळ धरण्याची संधीच मिळत नाही. बागेतील ज्युनिपर कोणता, हा प्रश्न म्हणूनच केवळ वनस्पतिशास्त्राचा राहत नाही. ते रोप कोणत्या हातांतून, कोणत्या रोपवाटिकेतून आणि कोणत्या नावाने प्रवास करत आले, हे कळल्याखेरीज त्याचे उत्तर बहुधा अपुरेच राहते.

या अडचणीचे मूळ झाडाच्या स्वभावात आहे. ज्युनिपरला दोन प्रकारची पाने येतात. बीजातून उगवलेल्या कोवळ्या रोपाला सुईसारखी टोकदार, हाताला बोचणारी पाने येतात. पुढे अनेक जातींत वाढत्या वयाबरोबर त्यांची जागा फांदीला घट्ट चिकटलेली, एकावर एक बसलेली बारीक खवल्यांसारखी पाने घेतात. काही जाती, उदाहरणार्थ ज्युनिपेरस कम्युनिस, आयुष्यभर सुईसारखीच पाने धारण करतात; चिनी ज्युनिपरसारख्या काही जातींच्या मोठ्या झाडांवरही दोन्ही प्रकारची पाने एकाच वेळी, कधी एकाच फांदीवर, दिसतात. त्यातच बहुतेक जातींत नर आणि मादी झाडे वेगळी असल्यामुळे नर झाडावर फळ कधीच येत नाही. ज्याला व्यवहारात फळ म्हणतात तो वस्तुतः मांसल खवले एकमेकांना जुळून झालेला मादी शंकू असतो. पाइन किंवा सायप्रस यांच्या शंकूप्रमाणे तो लाकडासारखा कठीण होऊन उकलत नाही, आणि ज्युनिपरची सर्वांत खात्रीची खूण हीच आहे. ही खूण मिळाली नाही की पाहणाऱ्याला पानांवर विसंबावे लागते, आणि पाने तर वयाप्रमाणे रूप पालटतात.

हा घोटाळा फार जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने ब्राथी नावाच्या औषधी झुडपाचे दोन प्रकार सांगितले आहेत : एकाची पाने सायप्रससारखी, दुसऱ्याची टॅमेरिस्क या झुडपाच्या पानांसारखी. त्याच काळातील रोमन ग्रंथकार प्लिनी यानेही सबिना वनस्पतीचे असेच दोन प्रकार नोंदवले. हे झुडूप म्हणजे आजचे ज्युनिपेरस सबिना होय, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. ते दक्षिण व मध्य युरोपातील डोंगरांत आपोआप वाढते. त्याच्या तेलाला उग्र, नकोसा वास येतो, ते विषारी असते आणि गर्भपातासाठी त्याचा जीवघेणा वापर शतकानुशतके होत आला. इसवी सन ८०० च्या सुमारास शार्लमेन सम्राटाच्या जहागिरींसाठी निघालेल्या आज्ञापत्रात बागेत लावावयाच्या वनस्पतींच्या यादीत सबिनाचे नाव आढळते. ज्युनिपर युरोपीय बागेत शोभेसाठी आला त्याच्या कितीतरी आधी तो औषधी वाफ्यात होता, आणि तेथेच त्याच्या दोन रूपांची दोन वेगळी नावे रूढ झाली. १७८९ मध्ये विल्यम ऐटन याने क्यू येथील राजोद्यानाची वनस्पतिसूची प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात सबिनाचे ‘सायप्रसपर्णी’ आणि ‘टॅमेरिस्कपर्णी’ असे दोन भेद लॅटिन नावांनी दाखल झाले. त्यांपैकी दुसरे, ‘टॅमेरिसिफोलिया’, हे नाव युरोप-अमेरिकेच्या रोपवाटिकांत आजही चालू आहे. बुटके, थरांनी आडवे पसरणारे ते झुडूप सुईसारख्या कोवळ्या पानांच्या अवस्थेतच राहते. सुमारे २,००० वर्षांपूर्वी पानांवरून केलेला भेद असा आजच्या रोपाच्या चिठ्ठीपर्यंत पोहोचला आहे.

शास्त्रीय नामकरणाला शिस्त लावणाऱ्या कार्ल लिनियसने १७५३ च्या आपल्या ‘स्पीशीज प्लँटारम’ या ग्रंथात कम्युनिस, सबिना आणि उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनियाना यांसह अनेक ज्युनिपरांना द्विनाम पद्धतीने नावे दिली, तर चिनी ज्युनिपरचे ज्युनिपेरस चायनेन्सिस हे नाव त्याने १७६७ मध्ये प्रसिद्ध केले. नाव आधी आले आणि जिवंत झाड मागाहून : हे चिनी झाड १८०४ मध्ये विल्यम केर याने कँटनहून क्यू उद्यानात पाठविले. त्या काळी युरोपीय व्यापाऱ्यांना चीनच्या अंतर्भागात फिरण्याची मोकळीक नव्हती, त्यामुळे कँटनच्या बागांत आणि कुंड्यांत शेकडो वर्षे निवडून जोपासलेली रूपेच प्रथम जहाजांवर चढली. चीन आणि जपान येथील माळ्यांनी आपल्या आवडीने निवडलेली ही रूपे युरोपात मूळ रानटी जाती म्हणून वर्णिली गेली. नर झाडाला एक नाव, मादी झाडाला दुसरे, कोवळ्या पानांच्या झाडाला तिसरे अशी भर पडत गेली. मादी झाडाच्या एका नावात ईस्ट इंडिया कंपनीच्या कँटन येथील चहा-निरीक्षक जॉन रीव्ह्ज याची स्मृती गुंफली गेली. एकाच जातीच्या नर-मादींना वेगळ्या जाती समजण्याची ही चूक अज्ञानाची नव्हती, पुराव्याच्या तुटपुंजेपणाची होती. ज्या अभ्यासकापुढे वाळलेल्या दोन डहाळ्याच आहेत त्याच्याकडून याहून वेगळी अपेक्षा करणे अन्यायाचे ठरेल.

कोवळ्या पानांमुळे झालेल्या गोंधळाचे सर्वांत मोठे उदाहरण ज्युनिपरच्या शेजारच्या प्रजातींत घडले. १९ व्या शतकाच्या मध्यास झीबोल्ट आणि झुकारिनी यांनी जपानी वनस्पतींच्या आपल्या ग्रंथात ‘रेटिनोस्पोरा’ नावाची एक नवी प्रजाती मांडली, आणि मऊ सुईसारख्या पानांची अनेक शोभेची झुडपे तिच्यात घातली गेली. त्यांतील काही दिसायला ज्युनिपरच वाटत. लुडविग बाइसनर या जर्मन उद्यानतज्ज्ञाने प्रयोगांनी दाखवून दिले की ही स्वतंत्र प्रजातीची झाडे नाहीत. थुजा आणि कॅमेसिपारिस यांच्या कोवळ्या रोपांच्या फांद्यांपासून छाटकलमे केली तर त्या कलमांतून वाढलेले झुडूप कोवळ्या पानांचेच राहते. छाटकलम, म्हणजे फांदीचा तुकडा मातीत खोचून त्याला मुळे फुटू देण्याची रीत, ही माळीकामातील अगदी साधी गोष्ट. परंतु बाइसनरच्या या शोधाने तिचे एक अनपेक्षित सामर्थ्य उघड झाले. झाडाच्या वयाची एक अवस्था कलमातून कायम करता येते आणि तिला बाजारात स्वतंत्र नाव देता येते. ‘रेटिनोस्पोरा’ हे नाव शास्त्राने बाद केले तरी रोपवाटिकांच्या सूचींत ते पुढे कित्येक दशके टिकून राहिले.

बागेतील ज्युनिपरचा सारा व्यापार या छाटकलमावर उभा आहे. बीजातून वाढवलेली रोपे एकसारखी निघत नाहीत. कलमातून निघालेले प्रत्येक रोप मात्र मूळ झाडाची हुबेहूब प्रत असते. एखाद्या झाडावर एकच फांदी पिवळी निघाली, किंवा आखूड फुटव्यांचा दाट झुबका तयार झाला, तर जाणता माळी ती फांदी कापून मुळांवर आणतो आणि नवा वाण जन्माला येतो. एका झाडाच्या एका फांदीपासून लाखो रोपे तयार होऊन जगभर पसरू शकतात आणि तरीही त्या सर्वांचा जन्मदाखला एकाच रोपवाटिकेच्या वहीत असतो. ती वही हरवली, किंवा विक्रेत्याने चिठ्ठी बदलली, तर रोपाच्या अंगावर त्याचा उगम सांगणारी खूण क्वचितच उरते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे ‘फिट्झरियाना’ हा वाण होय. बर्लिनमधील श्पेट घराण्याची रोपवाटिका १७२० मध्ये सुरू झाली आणि १९ व्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रांझ लुडविग श्पेट याच्या काळात ती जगातील सर्वांत मोठ्या रोपवाटिकांपैकी एक झाली. शहराचा तो भाग आजही रोपवाटिकेवरूनच ओळखला जातो. या रोपवाटिकेने शतकाच्या अखेरीस एक रुंद पसरणारा ज्युनिपर विक्रीस आणला आणि श्टुटगार्ट येथील रोपवाटिकाचालक विल्हेल्म फिट्झर याच्या सन्मानार्थ त्याला नाव दिले. फांद्या सुमारे ४५ अंशांच्या कोनात वर जाणाऱ्या, टोके किंचित खाली झुकलेली, पाने मुख्यतः खवल्यांसारखी पण आतल्या बाजूस सुईसारखी, असे त्याचे रूप होते. श्पेटच्या सूचीत तो चिनी ज्युनिपरचा एक प्रकार म्हणून आला आणि तसाच जगभर गेला. त्याचे मूळ रोप फ्रेंच धर्मप्रसारक व निसर्गसंशोधक आर्मां दाव्हिद याने १८६६ च्या आपल्या मंगोलियाकडील प्रवासात मिळवले, असे एक मत ग्रंथांत नोंदलेले आहे. हे मत खरे धरले तर दोन जातींचा संकर रानातच झाला असावा आणि श्पेटने तो केवळ ओळखून वाढवला असावा.

फिट्झरचे झुडूप कोणत्याही मातीत तगते, कमी पाण्यावर भागवते, शहराची धूळ आणि धूर सोसते आणि छाटणी निमूटपणे सहन करते. २० व्या शतकात अमेरिकेतील उपनगरांत स्वतंत्र घरांच्या वसाहती वाढल्या, तेव्हा घराच्या पायाची उघडी भिंत झाकण्यासाठी सदाहरित झुडपांची रांग लावण्याची पद्धत रूढ झाली आणि त्या रांगेत फिट्झर सर्वांत पुढे होता. त्याच्यापासून फांदीच्या बदलातून नवनवे वाण निघाले : इलिनॉय राज्यातील डंडी येथील हिल रोपवाटिकेने १९२३ च्या सुमारास ‘फिट्झरियाना ऑरिया’ हा सोनेरी वाण काढला, त्याच्यापासून नेदरलँड्समधील बॉस्कोप येथे १९५८ मध्ये ‘ओल्ड गोल्ड’ निघाला, आणि कॅलिफोर्नियात आर्मस्ट्राँग रोपवाटिकेचा आटोपशीर वाण आला. ही संतती इतकी वाढली की फिट्झरचे ‘नातलग’ एकमेकांपासून वेगळे काढणे अनुभवी माणसालाही अवघड जाऊ लागले.

मूळ प्रश्न मात्र तसाच होता : फिट्झर खरोखर चिनी ज्युनिपर आहे काय? पाने चोळली की सबिनाचा उग्र वास येतो, हे जाणत्या माळ्यांच्या लक्षात आले होते. पी. जे. व्हान मेले या अभ्यासकाने १९४७ मध्ये न्यू यॉर्क वनस्पति-उद्यानाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात, चिनी ज्युनिपर या एका नावाखाली कोंबलेल्या बागेतील झाडांची छाननी करून, फिट्झर आणि त्याच्यासारखे इतर वाण चिनी ज्युनिपर व सबिना यांचे संकर आहेत असे प्रतिपादन केले आणि त्यांना ‘मीडिया’ असे संकरनाम दिले. हे नाव नामकरणाच्या नियमांत टिकले नाही. आज त्याच्या जागी ‘ज्युनिपेरस × फिट्झरियाना’ हे नाव वापरले जाते. परंतु व्हान मेले याचे मूळ निरीक्षण खरे ठरले. टेक्सासमधील बेलर विद्यापीठातील रॉबर्ट पी. ॲडम्स यांनी आयुष्यभर ज्युनिपरच्या पानांतील सुगंधी तेलांचा आणि पुढे डीएनएचा अभ्यास केला. १९९९ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केलेल्या डीएनए-तपासणीत फिट्झर वाणांचे संकरत्व सिद्ध झाले. म्हणजे बर्लिनच्या सूचीत छापलेली चूक दुरुस्त व्हायला जवळजवळ १०० वर्षे लागली, आणि जुन्या नावाने विकलेली कोट्यवधी रोपे त्यापूर्वीच बागांत रुजली होती.

हिमालयाशी नाते सांगणाऱ्या एका वाणाचा प्रवासही असाच वळणांचा आहे. फ्रान्सिस ब्यूकनन-हॅमिल्टन याने १९ व्या शतकाच्या आरंभी नेपाळात वनस्पती गोळा केल्या. त्याच्या नमुन्यांवरून डेव्हिड डॉन याने १८२४ मध्ये ज्युनिपेरस स्क्वामाटा या जातीचे वर्णन प्रसिद्ध केले. ही जाती अफगाणिस्तानापासून हिमालयाच्या रांगेने चीनपर्यंत आणि तैवानपर्यंत पसरलेली आहे. तिचे बागेतील प्रसिद्ध रूप मात्र हिमालयातून आले नाही. अमेरिकेच्या कृषिखात्याचा वनस्पतिसंग्राहक फ्रँक मेयर याने ते २० व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात चीनमधून मिळवले, आणि निळसर, ताठ फुटव्यांच्या या वाणाला त्याचेच नाव मिळाले. मेयर १९१८ मध्ये यांगत्से नदीत बुडून मरण पावला. त्याच्या नावाच्या झाडावर नेदरलँड्समधील रेउविक येथील एका रोपवाटिकेत आखूड फुटव्यांचा झुबका सापडला आणि त्यापासून तयार झालेला ‘ब्लू स्टार’ हा बुटका वाण १९६४ मध्ये बाजारात आला. ‘ब्लू स्टार’च्या अंगावर हिमालयाची कोणतीही खूण दिसत नाही, तो फळत नाही असे म्हटले तरी चालेल, इतके त्याला फळ क्वचित धरते, आणि ज्याने ‘मेयरी’ पाहिलेला नाही त्याला त्या निळ्या चेंडूसारख्या झुडपाचे मूळ सांगता येणे कठीण.

सरपटणाऱ्या वाणांत अमेरिकेचा वाटा मोठा आहे. उत्तर अमेरिकेच्या थंड भागातील ज्युनिपेरस होरिझोंटालिस हा जात्याच जमिनीलगत पसरतो. मेन राज्याच्या किनाऱ्यावरील व्हायनलहेवन बेटावर १९१४ मध्ये सापडलेले त्याचे एक अत्यंत सपाट, निळसर रूप कनेक्टिकटमधील विल्टन येथील रोपवाटिकेने वाढवले आणि ‘विल्टोनाय’ या नावाने ते उतारांवर, भिंतींवर, रस्त्यांच्या कडेने पसरले. १९१९ मध्ये अमेरिकेने परदेशी रोपांच्या आयातीवर कडक निर्बंध घातले, त्यामुळे देशांतर्गत रोपवाटिकांना स्वतःचे वाण निवडण्याची निकड भासू लागली. हा निर्बंध कीड आणि रोग यांना रोखण्यासाठी होता; ज्युनिपरच्या इतिहासात रोगाचा प्रश्न अधिक ठळकपणे दुसऱ्याच एका ठिकाणी उभा राहिला, आणि तेथे झाडांचा वाद न्यायालयापर्यंत गेला.

ज्युनिपरवर वाढणाऱ्या जिम्नोस्पोरँजियम या तांबेरा-बुरशीचे आयुष्य दोन यजमानांवर विभागलेले असते. ज्युनिपरच्या फांदीवर ती गाठी निर्माण करते. वसंतातील पावसात त्या गाठींतून नारिंगी, चिकट जिभा बाहेर पडतात, त्यांतून निघालेले बीजाणू वाऱ्याने सफरचंद किंवा नासपतीच्या पानांवर जातात, तेथे पानांवर पिवळे-तांबडे ठिपके उमटतात आणि पुढे दुसऱ्या प्रकारचे बीजाणू तयार होऊन ते पुन्हा ज्युनिपरकडे परततात. ही दोन रूपे इतकी भिन्न की पूर्वी त्यांना दोन निराळ्या बुरशा समजत असत. डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ अँडर्स ऑर्स्टेड याने १८६५ च्या सुमारास सबिनावरच्या बुरशीचे बीजाणू नासपतीच्या पानांवर टाकून दुसरे रूप प्रत्यक्ष निर्माण करून दाखवले. ज्या झुडपाला दोन प्रकारच्या पानांमुळे दोन नावे मिळाली होती, त्यावरच्या बुरशीलाही दोन अवस्थांमुळे दोन नावे मिळाली होती.

अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ही बुरशी शोभेच्या झाडांवर उलटली. तेथील ज्युनिपेरस व्हर्जिनियाना, ज्याला लोक लाल सीडर म्हणतात, हे माळरानात आपोआप उगवणारे, घरांभोवती आणि वाटेच्या दुतर्फा हौसेने राखलेले झाड. त्याचे सुगंधी लाकूड पेन्सिली बनवण्यासाठी नावाजलेले होते. शेनांडोआ खोऱ्यात सफरचंदाच्या बागा व्यापारी प्रमाणावर वाढल्या, तसा तांबेऱ्याने पिकाचा फडशा पाडण्यास आरंभ केला. १९१४ मध्ये राज्याने कायदा केला : सफरचंदाच्या बागेपासून ठरावीक अंतराच्या आत असलेली, रोगाचे घर ठरू शकणारी लाल सीडरची झाडे उपद्रव मानून तोडता येतील. परिसरातील किमान दहा जमीनमालकांनी अर्ज केला की राज्याचा कीटकतज्ज्ञ पाहणी करून झाडे तोडण्याचा हुकूम देऊ शकत असे. एका कुटुंबाला आपल्या मालकीची शोभेची अनेक झाडे तोडण्याचा असा हुकूम झाला आणि त्यांनी दाद मागितली. ‘मिलर विरुद्ध शोन’ या नावाने प्रसिद्ध असलेला हा खटला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायमूर्ती हार्लन स्टोन यांनी १९२८ मध्ये दिलेल्या निकालपत्रात, दोन प्रकारच्या मालमत्तांपैकी एकीचा नाश अटळ असेल तर लोकहिताला अधिक मोलाची मालमत्ता वाचवण्याचा निर्णय राज्य घेऊ शकते, असे ठरले. झाडे तोडून हलविण्याच्या खर्चासाठी खालच्या न्यायालयाने १०० डॉलर मंजूर केले होते. उभ्या झाडांच्या किमतीची किंवा त्यांच्यामुळे आलेल्या शोभेची भरपाई मिळाली नाही.

हा निकाल घटनात्मक कायद्याच्या पुस्तकांत आजही शिकवला जातो. बागेच्या इतिहासात मात्र त्याची दखल फारशी घेतलेली नाही, आणि ती घेणे आवश्यक आहे. सर्व ज्युनिपर रोगाला सारखे बळी पडत नाहीत. व्हर्जिनियाना आणि रॉकी पर्वतातील ज्युनिपेरस स्कॉप्युलोरम हे तांबेऱ्याला सहज बळी पडतात, तर चिनी ज्युनिपरचे आणि स्क्वामाटाचे बरेच वाण त्यामानाने टिकाव धरतात. ज्याच्या शेजारी सफरचंदाची बाग आहे त्याच्यासाठी आपल्या अंगणातला ज्युनिपर कोणता, हा प्रश्न कुतूहलाचा उरत नाही. चुकीच्या नावाने विकलेले एक रोप शेजाऱ्याच्या पिकाचे नुकसान करू शकते, ही जाणीव ज्युनिपरच्या व्यापारात पक्की होण्यास तांबेऱ्याचा उपद्रव कारणीभूत झाला.

नावांची शिस्त लावण्याचे प्रयत्न साधारण याच काळात जोरात सुरू झाले. लिबर्टी हाइड बेली या अमेरिकी उद्यानशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये लागवडीत निर्माण झालेल्या व कलमाने टिकवलेल्या वाणासाठी ‘कल्टिव्हार’ ही संज्ञा सुचवली. त्याच वर्षी अमेरिकेत रोपांच्या प्रमाणित नावांचा एक मोठा कोश निघाला. लागवडीतील वनस्पतींच्या नामकरणाची आंतरराष्ट्रीय संहिता १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९५९ पासून नव्या वाणाला लॅटिन नाव देण्यास बंदी झाली. यामुळे वाणांची नावे वाचताना एक उपयुक्त अनुमान करता येते : ‘फिट्झरियाना’, ‘विल्टोनाय’, ‘टॅमेरिसिफोलिया’ ही लॅटिन घडणीची नावे बहुधा जुनी असतात, तर ‘ओल्ड गोल्ड’, ‘ब्लू स्टार’ यांसारखी बोली नावे अलीकडच्या काळातली. सूचिपर्णी वाणांच्या आंतरराष्ट्रीय नोंदणीचे काम ब्रिटनमधील रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटी पाहते. तरीही जुन्या चिठ्ठ्या सहजासहजी सुटत नाहीत. न्यू यॉर्कजवळील फ्लशिंग येथील पार्सन्स रोपवाटिकेने १८६० च्या दशकात जपानहून आणलेला ‘पार्सन्साय’ हा वाण कधी स्क्वामाटाच्या, कधी दाव्हुरिकाच्या, तर कधी चायनेन्सिसच्या नावाखाली विकला गेला आहे. निमुळत्या सुळक्यासारखा ‘स्कायरॉकेट’ वाणही बराच काळ व्हर्जिनियानात गणला गेला आणि मागाहून स्कॉप्युलोरममध्ये गेला.

या इतिहासातून ओळखीची जी पद्धत हाती येते तिचा क्रम आकारापासून सुरू होत नाही, कारण आकार हा माळ्याच्या निवडीचा आणि कात्रीचा परिणाम असतो. प्रथम झाड ज्युनिपरच आहे याची खात्री करावी लागते आणि त्यासाठी एखादे तरी मांसल फळ शोधणे सर्वोत्तम. त्यानंतर सुईसारख्या पानाचा बुडखा पाहावा लागतो : पान फांदीला सांध्याने जोडलेले असेल, म्हणजे त्याचा तळ फांदीवर न पसरता स्पष्टपणे वेगळा दिसत असेल, तर ते झाड कम्युनिस किंवा जपानी किनाऱ्यावरच्या कॉन्फेर्टा यांच्या गटातील असते, पानाचा तळ फांदीला चिकटून खाली उतरत गेला असेल तर ते सबिनाच्या गटातील. पानाच्या वरच्या बाजूस श्वसनरंध्रांचे पांढरे पट्टे असतात. कम्युनिसमध्ये असा एकच रुंद पट्टा दिसतो, तर प्रोकम्बेन्स या जपानी जातीत दोन दिसतात. खवल्यांसारखी पाने असतील तर त्यांचे टोक बोथट की अणकुचीदार हे भिंगाने पाहता येते : चिनी ज्युनिपरमध्ये ते सहसा बोथट असते आणि कोवळ्या सुया बहुधा तिनांच्या वलयात येतात, व्हर्जिनियानात टोक तीक्ष्ण असते आणि सुया बहुधा जोड्यांनी येतात. व्हर्जिनियानाचे फळ एका हंगामात पिकते, स्कॉप्युलोरमचे दोन हंगाम घेते. पान चोळून घेतलेला वासही पुराव्यात मोजला जातो. यानंतरच वाणाचा प्रश्न येतो, आणि तेथे झाडाच्या अंगावरील खुणा संपून रोपवाटिकेची वही, जुनी सूची, खरेदीची पावती आणि बागेचा नकाशा यांचा आधार सुरू होतो. ज्या संग्रहात या नोंदी जपलेल्या नाहीत तेथे वाणाचे नाव ठामपणे सांगणारा माणूस बहुधा अंदाजच सांगत असतो.

महाराष्ट्रात ज्युनिपर आपोआप वाढत नाही. त्याचा सर्वांत जुना परिचय येथील लोकांना झाला तो काष्ठौषधींच्या दुकानातून : आयुर्वेदातील हपुषा म्हणून जी काळसर, गोल, वाळलेली फळे मिळतात ती ज्युनिपेरस कम्युनिसची होत, आणि त्यांच्या टोकाशी तीन खवले जुळल्याची त्रिकोणी खूण नुसत्या डोळ्यांनीही दिसते. बागेत मात्र येथे ज्युनिपर समजले जाणारे झाड पुष्कळदा वेगळेच असते. शाळकरी मुले पुस्तकात ज्याची पाने ‘विद्या’ म्हणून जपत आली ती मोरपंखी म्हणजे प्लॅटिक्लॅडस ओरिएंटॅलिस, ज्याला पूर्वी थुजा म्हणत. तिच्या डहाळ्या एका पातळीत पंख्यासारख्या चपट्या असतात आणि तिचा शंकू प्रथम निळसर हिरवा, आकड्यासारख्या टोकांचा, मागाहून लाकडासारखा होऊन उकलणारा असतो. कोकणच्या किनाऱ्यावरील सुरू तर सूचिपर्णी वृक्षही नाही. ते सपुष्प झाड आहे. मोरपंखी आणि ज्युनिपर यांची रोपे रोपवाटिकेत शेजारी ठेवलेली असतात, दोन्ही कुंडीत सुळक्यासारखी वाढवलेली असतात, आणि दोन्हींची चिठ्ठी कधी एकाच नावाची असते. खरेदी करणाऱ्याने डहाळी चपटी आहे की गोलसर, हे बोटांत धरून पाहिले तरी यातील अर्धा गोंधळ तेथल्या तेथे मिटतो. उरलेल्या अर्ध्यासाठी रोपवाटिकांनी आपल्या ज्युनिपरांचे मूळ कोठून, कोणत्या वर्षी आणि कोणत्या नावाने आले याची वही ठेवावी, आणि सार्वजनिक बागांनी रोप लावतानाच ती नोंद धातूच्या पट्टीवर कोरून झाडाजवळ लावावी.